डोरियन ग्रेचं चित्र आणि 'जुनं' नावाचं फोल्डर

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' मी पहिल्यांदा वाचली ती बारावीनंतरच्या सुट्टीत. एक देखणा तरुण असतो, त्याच्याऐवजी त्याचं चित्र म्हातारं होत जातं आणि शेवटी सगळं अंगलट येतं, एवढंच तेव्हा डोक्यात राहिलं. दुसऱ्यांदा वाचली ती पीएचडीच्या चौथ्या वर्षी, प्रोग्रेस सेमिनारच्या आदल्या आठवड्यात. खरं सांगायचं तर सेमिनारची तयारी टाळायला वाचली. आणि नेमकी ज्या गोष्टीपासून पळत होते तीच पुस्तकात निघाली.

ती गोष्ट आधी सांगते. मी टायटॅनियम डायऑक्साइडचे फोटोकॅटलिस्ट बनवते. म्हणजे एक पांढरी पूड. ती रंगीत पाण्यात टाकून प्रकाशात ठेवली की पाण्यातला रंग हळूहळू मोडतो. तोपर्यंत माझ्या अकरा बॅच झाल्या होत्या. चार झकास चालल्या होत्या, सात ढिम्म. सेमिनारच्या स्लाइडवर चारच होत्या. उरलेल्या सातांच्या फाइली लॅपटॉपवर 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये पडल्या होत्या. स्लाइडवर खोटं असं काहीच नव्हतं. चारही आलेख खरे, एकही आकडा फिरवलेला नाही. तरी ती स्लाइड उघडली की मी ती पटकन पुढे सरकवायचे.

आता कादंबरीकडे. (शेवटासकट सगळं सांगणार आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं जुनं पुस्तक आहे, रहस्य फोडल्याचा आळ माझ्यावर घेऊ नका.)

बेसिल हॉलवर्ड हा लंडनमधला चित्रकार. तो डोरियन ग्रे नावाच्या विशीतल्या मुलाचं पूर्णाकृती चित्र काढतो. चित्र इतकं उतरतं की बेसिल ते प्रदर्शनात ठेवायलाच तयार नाही. त्यात आपण स्वतः फार उघडे पडलो आहोत, असं त्याला वाटतं. त्याचा मित्र लॉर्ड हेन्री तिथेच बसलेला असतो. तारुण्य किती थोडे दिवस टिकतं यावर तो डोरियनला एक भाषण ऐकवतो. डोरियन चित्राकडे बघतो आणि बोलून जातो की म्हातारं व्हायचं ते या चित्राने व्हावं, मी असाच राहावं. त्याच्यासाठी मी आत्मासुद्धा देईन. बस. मंत्र नाही, मांत्रिक नाही, वीज कडाडत नाही. मतकरी-धारप वाचत मोठ्या झालेल्यांना ही सुरुवात जरा फिकी वाटेल. पण वाइल्डला जादू कशी घडली यात रसच नाही. ती घडल्यावर माणूस रोज सकाळी उठून काय करतो, याच्या मागे तो आहे.

डोरियन काय करतो, तर तपासतो. सिबिल व्हेन या नाटकातल्या मुलीवर त्याचं प्रेम बसलेलं असतं. एका रात्री ती वाईट काम करते आणि तो तिला तोडून टाकतो, अगदी क्रूरपणे. घरी येऊन बघतो तर चित्रातल्या ओठांपाशी क्रौर्याची एक छटा आली आहे. उजेडाचा खेळ असेल म्हणून तो पडदे उघडतो. आरसा घेऊन स्वतःचे ओठ बघतो: तिथे काही नाही. पुन्हा चित्र बघतो. दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर पुन्हा बघतो. मग विचार करतो की रंगाच्या कणांमध्ये आणि माणसाच्या आत्म्यात काही रासायनिक ओढ असेल का. हा विचार वाटतो तितका वेडगळ नाही. त्या काळी चित्रकारांच्या वापरात शिशाचा सफेदा सर्रास असायचा आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तो काळा पडू शकतो. चित्र बदलतं यात अलौकिक काही नव्हतंच. गंमत म्हणजे सिबिल जे विष पिते त्यात प्रुसिक ॲसिड होतं की हाच शिशाचा सफेदा, अशी चर्चा लॉर्ड हेन्री करतो. चित्रकाराच्या पॅलेटवर आणि नटीच्या मेकअपच्या खोलीत एकच पदार्थ! वाइल्डने हे मुद्दाम जुळवलं की आपोआप जुळलं, कोण जाणे. मला त्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं.

त्याच प्रकरणात एक जागा आहे, जी पहिल्या वाचनात मी साफ ओलांडून गेले होते. सिबिलने आत्महत्या केल्याचं डोरियनला दुसऱ्या दिवशी कळतं. पण चित्र आदल्या रात्रीच बदललेलं असतं. म्हणजे बातमी चित्राला आधी पोचली, त्याला नंतर. मग डोरियनला प्रश्न पडतो: ती रेघ नेमकी कधी उमटली असेल? सिबिलने विष घेतलं तेव्हा, की मी तिला टाकून बोललो तेव्हा? हे चित्र परिणाम नोंदवतं, की परिणामांशी त्याला काही घेणंदेणं नाही आणि ते फक्त मनात काय चाललंय ते टिपतं?

हा कॅलिब्रेशनचा प्रश्न आहे. उपकरण रीडिंग देतंय हे ठीक, पण रीडिंग कशाचं? नव्याने संशोधनात येणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते की यंत्र कधी 'सत्य' मोजत नाही. ते व्होल्टेज मोजतं, प्रकाश मोजतं, वजन मोजतं. त्यावरून आपण कशाबद्दल बोलतोय हे आपल्यालाच ठरवावं लागतं. डोरियनला हा प्रश्न अगदी बरोबर सुचतो. बदल होताना एकदा डोळ्यांनी बघायला मिळावा, असंही त्याला वाटतं. इथपर्यंत तो उत्तम विद्यार्थी आहे. मग उत्तर न शोधता तो चित्रावर जांभळं कापड टाकतो, घराच्या वरच्या मजल्यावर त्याची लहानपणीची अभ्यासाची खोली असते तिथे ते चढवतो आणि किल्ली खिशात ठेवतो.

या पुस्तकाबद्दल लोक बोलतात तेव्हा सहसा सौंदर्याचा गर्व, सोशल मीडियावरचे फिल्टर वगैरे बोलतात. ते चूक नाही, पण त्याने भीती कुठे आहे ते कळत नाही. मला वाटतं, यातली भयंकर गोष्ट चित्र कुरूप होतं ही नव्हेच. पूर्ण प्रामाणिक, एकही नोंद न चुकवणारं असं एक साधन अस्तित्वात आहे आणि ते वाचायचा अधिकार एकाच माणसाला आहे, तोही ज्याची नोंद होते आहे त्याला: भीती इथे आहे. अकराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला डोरियन आरसा घेऊन चित्रासमोर उभा राहतो. एकदा चित्रातला सडत चाललेला चेहरा बघतो, एकदा आरशातला ताजा. आपले गोरे हात चित्रातल्या सुजलेल्या हातांशेजारी धरतो आणि हसतो. नमुना आणि कंट्रोल शेजारी शेजारी ठेवून काळजीपूर्वक केलेली तुलना आहे ही. निरीक्षणात खोट काढायला जागा नाही. त्या रात्री हे वाचून मी पुस्तक मिटलं, लॅपटॉप उघडला आणि 'जुनं' वर क्लिक केलं नाही. नुसतं त्या नावाकडे बघत बसले.

आता रहस्याच्या बाजूने बघू, कारण ही कादंबरी भयकथा आहे तशी गुन्ह्याचीही गोष्ट आहे आणि तिच्या जन्माची कथा त्या दृष्टीने फार मजेशीर आहे. 30 ऑगस्ट 1889 रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात 'लिपिंकॉट्स मंथली मॅगझिन' या अमेरिकी मासिकाच्या जे. एम. स्टॉडर्ट या संपादकाने एक जेवण दिलं. टेबलावर ऑस्कर वाइल्ड होता आणि आर्थर कॉनन डॉयलही. त्या एका जेवणातून मासिकाला दोन गोष्टी मिळाल्या. फेब्रुवारी 1890 च्या अंकात डॉयलची 'द साइन ऑफ फोर', म्हणजे शेरलॉक होम्सची दुसरी कादंबरी, आणि जुलै 1890 च्या अंकात 'डोरियन ग्रे'.

दोन्ही लागोपाठ वाचून बघा. 'साइन ऑफ फोर'च्या सुरुवातीलाच होम्स वॉटसनचं खिशातलं घड्याळ हातात घेतो आणि त्यावरचे ओरखडे, गहाणवटदाराने आत खरवडलेले आकडे, किल्लीच्या भोकाभोवतालच्या खुणा यांवरून वॉटसनच्या भावाचं अख्खं आयुष्य सांगतो. डॉयलच्या जगात प्रत्येक कृती वस्तूवर आणि शरीरावर खूण ठेवते, आणि बघणारा हुशार असेल तर ती खूण वाचता येते. वाइल्डने तोच नियम घेतला आणि त्यात एकच बदल केला: खूण उमटते, पण दुसरीकडे. गुन्हा इथे, पुरावा माळ्यावर. या जगात होम्स आला तर तो हरेल. डोरियनच्या हातांवर, कपड्यांवर, चेहऱ्यावर त्याला काही सापडणार नाही आणि तर्क बिनचूक लावूनही तो चुकीच्या उत्तरावर पोचेल.

हे कादंबरीत खरंच घडतं. सिबिलचा भाऊ जेम्स अठरा वर्षांनी डोरियनला गाठतो, पिस्तूल काढतो. डोरियन म्हणतो, दिव्याखाली माझा चेहरा बघ. जेम्स बघतो. समोर वीस वर्षांचा पोरगा. अठरा वर्षांपूर्वीचा गुन्हेगार हा कसा असेल? तो माफी मागून सोडून देतो. त्याच्या तर्कात काय चूक होती? काहीच नाही. चेहऱ्यावरून वय कळतं हे गृहीतक तेवढं या एका माणसापुरतं खोटं होतं.

वाइल्डच्या काळात हे गृहीतक वयापुरतं नव्हतं. बेसिलसुद्धा ठासून सांगतो की पाप माणसाच्या चेहऱ्यावर उमटतंच, लपत नाही. त्या वेळी हे विज्ञान म्हणून चालत होतं. इटलीत लोम्ब्रोझोने 1876 मध्ये गुन्हेगाराची शारीरिक लक्षणं सांगणारा ग्रंथ काढला होता. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनने गुन्हेगारांचे फोटो एकमेकांवर छापून 'गुन्हेगाराचा सरासरी चेहरा' मिळवायचा प्रयत्न केला. निघालं काय, तर सरासरी चेहरा सुट्या चेहऱ्यांपेक्षा देखणा! हे गॉल्टनने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. (त्याची बाकीची मतं कितीही विषारी असली, तरी नको असलेला निकाल त्याने छापला, हे मान्य करायला हवं.) 'डोरियन ग्रे' वाचताना हे लक्षात ठेवलं की जादूचा उपयोग कळतो. वाइल्ड त्या समाजाला म्हणतोय की तुम्ही चेहऱ्याला चारित्र्याचं माप मानता ना, मग मी फक्त चेहरा आणि चारित्र्य वेगळं करतो, आणि बघू तुमच्यातला कोण गुन्हा पकडतो ते. कोणीच पकडत नाही. बेसिलचा खून कधीच उघडकीला येत नाही. अफवा भरपूर असतात, पण डोरियन खोलीत शिरला की लोकांना त्या खऱ्या वाटेनाशा होतात.

लॉर्ड हेन्रीकडे मी पूर्वी वाइल्डचा प्रवक्ता म्हणून बघायचे. चटपटीत वाक्यं त्याच्याच वाट्याला आली आहेत आणि पोस्टरवर छापली जातात ती त्याचीच. आता तो मला वेगळा दिसतो. चौथ्या प्रकरणात वाइल्ड सांगतो की हेन्रीला विज्ञानाच्या पद्धतीचं फार आकर्षण, मात्र विज्ञानाचे नेहमीचे विषय त्याला क्षुल्लक वाटतात. म्हणून त्याने आधी स्वतःची चिरफाड केली आणि मग इतरांची. डोरियन त्याला प्रयोगाला आयता मिळालेला नमुना वाटतो. वाइल्ड इथे व्हिव्हिसेक्शनचाच शब्द वापरतो, म्हणजे जिवंत प्राण्याची चिरफाड, आणि त्या काळी तो साधा शब्द नव्हता. प्राण्यांवरच्या अशा प्रयोगांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनमध्ये 1876 मध्ये आला होता आणि वाद पुढेही धगधगत होता. बेडकासाठी परवाना लागत होता, डोरियनसाठी लागला नाही.

पण हेन्रीचा खरा दोष प्रयोग करण्यात संपत नाही. तो निकाल वाचत नाही. एकोणिसाव्या प्रकरणात डोरियन त्याला जवळजवळ कबुलीच देतो: बेसिलचा खून मी केला असं सांगितलं तर? हेन्री हसण्यावारी नेतो. खून करणं तुझ्या प्रकृतीतच नाही म्हणतो. वर, इतकी वर्षं तू जराही बदलला नाहीस, याचं रहस्य काय ते विचारतो. अठरा वर्षं चाललेला प्रयोग, नमुना समोर बसून स्वतःच्या तोंडाने निकाल सांगतोय, आणि प्रयोगकर्त्याला आपला सिद्धांत इतका लाडका की ऐकूच येत नाही. माळ्यावर तो कधीच जात नाही. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनो, गाइड निवडताना प्रकाशनांची यादी बघा, सगळं बघा. पण तुमचा बिघडलेला निकाल ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना नक्की विचारा. माझ्या ओळखीत दोन्ही प्रकार आहेत.

आणि मग ॲलन कॅम्पबेल. चौदाव्या प्रकरणात येतो, एका प्रकरणापुरता. समीक्षेत त्याच्यावर फार कोणी रेंगाळत नाही, पण रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाने त्याला सोडून कसं चालेल? केंब्रिजमध्ये विज्ञान शिकलेला, घरी स्वतःची प्रयोगशाळा असलेला, दिवसभर तिथेच कोंडून घेणारा. त्याने पार्लमेंटात जावं अशी आईची इच्छा, आई वैतागलेली. (आईने कलेक्टर व्हायची स्वप्नं पाहिलेल्या सर्व पीएचडीधारकांना हे ओळखीचं वाटेल.) उत्तम व्हायोलिन आणि पियानो वाजवायचा. वैज्ञानिक नियतकालिकांत एकदोनदा नाव आलेलं.

डोरियनने बेसिलला मारलेलं असतं, कारण चित्र शेवटी त्याने बेसिललाच दाखवलं आणि बेसिलने ते वाचलं. माळ्यावर प्रेत आहे. ते नाहीसं करायला तो ॲलनला बोलावतो, आणि त्याचा युक्तिवाद ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तू दवाखान्यांत, शवागारांत जातोस, तिथे तुला काही वाटत नाही. टेबलावर हाच माणूस असता तर तू त्याच्याकडे अभ्यासाची वस्तू म्हणूनच पाहिलं असतंस. तुमच्या प्रयोगांना लागणारी मृत शरीरं कुठून येतात हे तुम्ही कधी विचारता का? मग आताच का विचारतोस? ॲलन तरी नकार देतो. मग डोरियन एका कागदावर काहीतरी लिहून त्याच्याकडे सरकवतो. काय लिहिलंय ते वाइल्ड आपल्याला कधीच सांगत नाही. ॲलन वाचतो आणि खुर्चीत कोसळतो.

पुढचं काम वाइल्ड दाराबाहेर थांबूनच सांगतो. ॲलनच्या प्रयोगशाळेतून रसायनांची महोगनीची पेटी येते, पोलादी आणि प्लॅटिनमच्या तारेचं भेंडोळं येतं, दोन विचित्र आकाराचे चिमटे येतात. साधारण पाच तास जातात. मग खोलीत नायट्रिक ॲसिडचा भयानक वास, आणि टेबलापाशी बसलेली ती 'वस्तू' नाही. एवढंच. ज्यांनी एकदा तरी फ्युम हूड नीट न लावता नायट्रिक ॲसिड हाताळलंय त्यांच्या नाकात तो वास लगेच भरेल. मला तर बोटांवर पिवळे डागही दिसले. भडक वर्णन टाळून एका वासावर प्रसंग तोलणं, ही या कादंबरीतली मला सगळ्यात आवडलेली लेखकी कृती आहे. गॉथिक कादंबरीत तळघरं, साखळ्या, भुतं असतात. इथे प्रयोगशाळेचा वास आहे. काही दिवसांनी ॲलन आपल्याच प्रयोगशाळेत स्वतःला गोळी घालतो. गुपित फुटत नाही.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. सिबिल ही मुलगी कमी आणि कल्पना जास्त आहे. ती मरते ती डोरियनच्या चित्रावर रेघ उमटावी म्हणून. नाटक कंपनीच्या ज्यू मालकाचं वर्णन आज वाचताना लाज वाटते. अकराव्या प्रकरणाचा मोठा भाग म्हणजे अत्तरं, रत्नं, वाद्यं, भरतकाम यांची न संपणारी यादी. अभ्यासकांनी दाखवून दिलंय की यातला बराच मजकूर साऊथ केन्सिंग्टन म्युझियमच्या माहितीपुस्तिकांसारख्या पुस्तकांतून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला आहे. आजच्या विद्यापीठात हे प्रकरण साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सुटलं नसतं. वाइल्डच्या बाजूने म्हणता येईल की डोरियनचं आयुष्य असंच पोकळ जमवाजमवीचं झालंय हे त्यातून दिसतं. मला ते अर्धंच पटतं. दोन पानांत दिसलं असतं.

जेम्स व्हेनचा धागाही पहिल्या आवृत्तीत नव्हता. मासिकातल्या मजकुरात तेरा प्रकरणं होती, 1891 च्या पुस्तकात वीस झाली, आणि बदल्याची ही गोष्ट तेव्हा आली. कथेला त्याने वेग मिळतो, पण थोडं नाटकीपणही येतं. मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती. मासिकात छापण्याआधीच स्टॉडर्टने वाइल्डला न विचारता सुमारे पाचशे शब्द कापले होते, विशेषतः बेसिलला डोरियनबद्दल जे वाटतं ते उघड करणारे. तरीही टीका इतकी झाली की पुस्तक करताना वाइल्डने स्वतःच आणखी सौम्य केलं. मूळ टंकलिखित मजकूर निकोलस फ्रँकेल यांनी संपादित करून हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 2011 मध्ये काढला. इतकं झाकूनही 1895 च्या खटल्यात विरोधी वकील एडवर्ड कार्सन याने वाइल्डला या कादंबरीवरून, तीही मासिकातली जुनी आवृत्ती घेऊन, तासलं. पुस्तक म्हणजे लेखकाचा माळ्यावरचा चेहरा, अशा थाटात ते न्यायालयात वाचलं गेलं. पुढे वाइल्डला समलैंगिक संबंधांवरून दोन वर्षं सक्तमजुरी झाली. म्हणून 'नोंद सगळ्यांना खुली असावी' हे माझं लाडकं वाक्य या पुस्तकावर सरसकट लावताना मी अडखळते. बेसिलला आपलं चित्र प्रदर्शनात नको होतं. त्याचं लपवणं आणि डोरियनचं लपवणं मी एकाच खणात टाकू शकत नाही. डोरियन दुसऱ्यांना झालेली इजा लपवत होता. बेसिलने कोणाला इजा केली होती?

शेवटाकडे डोरियनला सुधारायचं असतं. गावाकडची हेटी नावाची मुलगी त्याच्याबरोबर पळून यायला तयार असते. तो तिला न फसवता सोडून देतो आणि लगेच वर जातो, चित्र सुधारलं का ते बघायला. एक चांगलं कृत्य, एक रीडिंग. चित्र सुधारलेलं नसतं. उलट डोळ्यांत धूर्तपणा आणि तोंडाशी ढोंग्याची सुरकुती वाढलेली असते, हातावरचं रक्त पसरलेलं असतं. सिबिलच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला इथे मिळतं: हे उपकरण कृती मोजत नव्हतं. मुलीला सोडण्यामागे चित्र सुधारायची हौस होती, तीच त्याने मोजली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कॅलिब्रेशन झालं. आणि त्यावर डोरियन काय करतो, तर ज्या सुरीने बेसिलला मारलं तीच घेऊन चित्र फाडायला जातो. आपल्याविरुद्धचा शेवटचा पुरावा तेवढाच उरलाय, असा त्याचा हिशोब. नोकर खिडकीतून आत शिरतात तेव्हा भिंतीवर तरुण डोरियनचं चित्र अखंड आणि जमिनीवर सुरकुतलेला म्हातारा. तो कोण हे त्यांना अंगठ्यांवरून कळतं. होम्सची पद्धत शेवटच्या ओळीत एकदाची चालली.

माझ्या सेमिनारचं विचाराल तर मी अकराही बॅच दाखवल्या. कौतुक कोणी केलं नाही. "मग चार तरी का चालल्या?" असा प्रश्न आला, त्याला उत्तर नव्हतं, आणि पुढचे तीन महिने तेच शोधण्यात गेले. कारण अजून पक्कं सापडलेलं नाही, पेपरही गेलेला नाही. माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी दोघांचे गेलेत. फोल्डरचं नाव मी बदलून 'बॅच 1 ते 11' केलंय, पण त्यातली सहा नंबरची फाइल उघडायला मला अजूनही जिवावर येतं.

पुस्तक वाचायचं असेल तर स्वामित्वहक्क कधीच संपलेत. प्रोजेक्ट गटेनबर्गवर तेरा आणि वीस प्रकरणांच्या दोन्ही आवृत्त्या फुकट मिळतात. आधी वीसवाली वाचा, इंग्रजी वाटते तितकी अवघड नाही. अकराव्या प्रकरणात रत्नांची यादी सुरू झाली की बिनधास्त पानं उलटा, पण त्याआधीचा आरशाचा परिच्छेद सोडू नका. आणि चौदावं प्रकरण वाचताना एक बघा, मला अजून सुटलेलं नाही: ॲलन कॅम्पबेलसारखा माणूस, रोज प्रयोगशाळेत बसणारा, त्याची वही असणारच. त्या नोव्हेंबरातल्या दिवसाच्या पानावर त्याने काय लिहिलं असेल?